वायरीवरचा मुरूम

साल विचारू नका, माझ्या आठवणीची मलाच खात्री नसते. नसरापूरजवळच्या वळणावर सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुली वाहनांच्या धक्क्याने पडायच्या. त्यांच्या सायकलींना दिवे घ्यायला पैसे जमवायचे म्हणून आम्ही तिथेच भजनाचा कार्यक्रम ठेवला. गतिरोधक हवा, असे भाषण मी करणार होतो.

स्पीकरची वायर रस्त्यापलीकडच्या घरातून आणलेली. ती तुटू नये म्हणून मंडपवाल्याने तिच्यावर मुरमाचा जाड थर घातला. झाले, प्रत्येक टेम्पो तिथे हळू होऊ लागला.

पेटी वाजवणारे तात्या म्हणाले, "सर, तुमी मागनार ते तर हितं झालंच की! आता भाषण कशाला?"

कार्यक्रम संपल्यावर मी घाबरून म्हणालो, "मुरूम काढा, आपण परवानगी घेतलेली नाही."

कमलताईंच्या मुलीचा हात त्याच वळणावर मोडला होता. त्या येऊन मुरमावरच उभ्या राहिल्या. "वायर न्या. मुरूम न्हाई काडायचा. परवानगी माझ्या पोरीला इचारा."

मुरूम राहिला. पुढे त्यावर कोणीतरी डांबरही घातले. काही वर्षांनी मी रस्त्याचे काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात जाऊन खात्री केली. नोंदवहीत तिथे गतिरोधक नाही. त्यावरचे पांढरे पट्टे मात्र त्यांचीच माणसे रंगवतात.