दाजींची चिन्नी आणि बेळ्ळी

…आणि मला म्हणतात काय, "विनोद, तिथं बसू नको, बेळ्ळी झोपलीय!" अहो, सख्खा मेव्हणा मी! कोरमंगल्याहून दोन बस बदलून आलोय, हातात म्हैसूरपाकाचा डबा, पायात गोळे आलेत, आणि त्या घरातली एकुलती एक उशीवाली खुर्ची राखून ठेवलीय, ती कुणासाठी? उंदरासाठी हो, उंदरासाठी!

तुम्हाला सांगतो, माणूस असा बदलतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. हे दाजी म्हणजे माझ्या वसुमतीअक्काचे यजमान, सत्यनारायणराव पिसे. टेलर. यशवंतपुरात शिवाप्पाच्या माडीवर बावीस वर्षं भाड्यानं राहतात. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि खाली शिवाप्पाचं नाचणी-तांदळाचं गोदाम. स्वभावानं म्हणाल तर एवढा गरीब माणूस सगळ्या बंगळुरात नसेल. शिवाप्पानं भर सकाळी पाणी बंद केलं तर हे वरून म्हणणार, "सरी सरी, ठीक आहे, संध्याकाळी भरू." गिऱ्हाईक स्वतः जाड होऊन आलं आणि पँट घट्ट शिवली म्हणून ओरडलं, तरी हे म्हणणार, "चुकलंच माझं, उसवून देतो."

आयुष्यात हा माणूस एकाच जिवावर चिडला. कुणावर? उंदरावर! आणि का चिडू नये? एका नवरदेवाचा निळा कोट, अकरा वाजता मुहूर्त, आठ वाजता दाजी हँगरवरून उतरवतात तर पाठीवर बरोबर मधोमध बशीएवढं भोक! नवरदेव अख्खा लग्नसोहळा भिंतीला पाठ लावून उभा राहिला हो. सप्तपदीला वळावं लागलं तेव्हा मागून त्याचा भाऊ चिकटून चालत होता! तेव्हापासून उंदीर म्हटलं की दाजी कात्री उगारायचे.

आणि अशा घरात, चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये, त्यांची मुलगी रम्या बुटांचं खोकं घेऊन आली. खोक्याला भोकं पाडलेली. ती एका औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला. "आप्पा, चिडू नका हं. प्रयोग रद्द झाला. या दोघींना उद्या मारणार होते. मला बघवेना." झाकण उघडलं… आत दोन पांढऱ्याशुभ्र उंदीरमाद्या, गुलाबी डोळे, मिशा हलतायत. दाजी कटिंगच्या टेबलावर चढले! साठीचा माणूस, गुडघ्याचं दुखणं, टुणकन वर! "घेऊन जा! आत्ताच्या आत्ता! ह्या घरात एक तर मी राहीन नाहीतर…" आणि मुलगी रडायला लागली. मुलगी रडली की दाजी खलास. "बरं बरं, आठ दिवस. पिंजरा मागच्या खोलीत. मला दिसता कामा नये."

पण तिसऱ्या दिवशी रम्याला कामासाठी म्हैसूरला जावं लागलं, अक्का पिंजऱ्याजवळ जायला तयार नाही, मग खायला घालणार कोण? दाजींनी हातभर लांबून एक शेंगदाणा फेकला. ती मोठी होती ना, चिन्नी, तिनं तो उचलला, दोन हातांत धरला, मागच्या पायांवर बसली, आणि मान वाकवून असा काही खाल्ला, असा काही खाल्ला… शिवाय खाऊन झाल्यावर तोंड धुतलं! कानामागून, मिशांवरून, दोन्ही हातांनी! दाजी पिंजऱ्यासमोर पाट घेऊन बसले. अक्काला हाक मारली, "वसू, बघ गं. माझी गिऱ्हाईकं कापडाला अशी अदबीनं हात लावत नाहीत."

संपलं! रम्या परत आली तेव्हा दाजी मशीन चालवतायत आणि चिन्नी त्यांच्या खांद्यावर, गळ्यातल्या टेपला धरून बसलेली. टेप खेचायची, दाजी म्हणायचे, "थांब गं, छाती अडतीस लिहून घेऊ दे." बेळ्ळी लाजाळू, ती नुसत्या हाकेवर यायची, पण फक्त दाजींच्या हाकेवर. तिच्यासाठी त्यांनी फ्लॅनेलचा झोपाळा शिवला. चार कोपऱ्यांना बटणं, कडेला रंगीत गोटाचं पायपिंग! मी गेली आठ वर्षं एक शर्ट शिवून मागतोय, "सीझन आहे रे, सीझन आहे." आणि पायपिंग कुणाला? उंदराला हो, उंदराला!

आणि काळजी तर विचारू नका. खालच्या गोदामातले रानदांडगे उंदीर वर आले, चिन्नी-बेळ्ळीला चावले, रोग दिला तर? म्हणून दाजींनी दोन रविवार गुडघ्यावर बसून माडीवरचं एकेक बीळ शोधलं, काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवलं, मोरीच्या तोंडाला जाळी ठोकली, दाराखाली पत्रा लावला. पिंजऱ्यातला कागद रोज बदलायचा, डेटॉलनं पुसायचा. अक्का म्हणाली, "बावीस वर्षांत माझ्या स्वैपाकघरातलं बीळ बुजवा म्हटलं तर वेळ नव्हता यांना!"

एवढं सगळं बरं चाललेलं, आणि आला सप्टेंबर. सुरतेहून प्लेगची बातमी आली. अहो, काय ते दिवस! बंगळुरात काही नाही, पण जो तो तोंडाला रुमाल बांधून, औषधाच्या दुकानात ही रांग, कोणी शिंकलं की बस रिकामी! आणि उंदीर हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारेना. रविवारी सकाळी दहाला, मीही तिथंच चहा पीत होतो, शिवाप्पा गल्ली घेऊन माडीवर. पुढे स्वतः, तोंडाला गुलाबी टॉवेल; मागे समोरच्या घरातली गंगव्वा, नाकाला पदर; आणखी पंधरा-वीस जण जिन्यावर. टॉवेलातून शिवाप्पा गरजला, "एन्री राव, काय हे! सगळं जग उंदीर मारतंय आणि तुम्ही झोपाळ्यात झुलवता? उद्या संध्याकाळपर्यंत उंदीर गेले पाहिजेत, नाहीतर तुम्ही गेलं पाहिजे. घर खाली करा!" मागून कोणी म्हणालं, "गटारात सोडा हो, काय त्यात."

रम्या दारात आडवी उभी राहिली. अक्का माझ्याकडे बघतेय, मी छताकडे बघतोय. खरं सांगतो, मला वाटलं, आता दाजी म्हणणार, "सरी सरी." बावीस वर्षं तेच ऐकलंय ना! दाजींनी खांद्यावरची चिन्नी उतरवली, पिंजऱ्यात ठेवली, हात पुसले, आणि म्हणाले, "नाही."

एवढंच! शिवाप्पानं टॉवेल कानावरून बाजूला केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"नाही," दाजी म्हणाले. "पिंजऱ्यात जन्मलेली जनावरं ही, गटारात एक दिवस जगायची नाहीत. मी उद्या आरोग्य खात्याचा माणूस आणतो. त्यानं सांगितलं धोका आहे, तर उंदीरही जातील आणि मीही जाईन. पण तपासणी होईल ती अख्ख्या इमारतीची. माडीची आणि गोदामाची." आवाज कापत होता हो. पण बोलले!

दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन तीन तास बाकावर बसले. "काय तक्रार?" "माझ्याकडे दोन उंदीर आहेत." सगळं ऑफिस चार पावलं मागं सरकलं! शेवटी एक इन्स्पेक्टर उठला, महांतेश नावाचा, बेळगावकडचा. "चला की ओ, बघू या तरी. सकाळपासून लोक नुसती उंदीर दिसला म्हणून सांगाय येतात, स्वतःचा हाय म्हणून सांगणारा पयलाच माणूस बघालोय."

गल्ली पुन्हा जमली. महांतेशनं हातमोजे घातले, पिंजरा उघडला, चिन्नीचे केस उलटे फिरवून बघितले, कान बघितले, शेपटीचं मूळ बघितलं. बेळ्ळी लाजून दाजींच्या बाहीत शिरली, तिला बाहेर काढून बघितलं. मग भिंगानं झोपाळा बघितला… पायपिंगसकट! सगळी गल्ली माना उंच करून बघतेय. "नाव काय म्हणालासा तुमचं?" "पिसे." "नाव पिसे आणि घरात एक पिसू नाही की ओ!" महांतेश मोठ्यानं हसला. "रोग पसरवते ती पिसू. ही जनावरं स्वच्छ हायत, ही खोली स्वच्छ हाय. असली बिळं बुजवलेली मी आमच्या साहेबांच्या घरी बी बघितली नाहीत. आता खाली चला."

खाली! शिवाप्पा म्हणतो, "खाली काय बघायचं, नुसती पोती आहेत." महांतेशनं कोपऱ्यातलं एक पोतं पायानं ढकललं… आणि निघाले! एक, दोन, पाच, नऊ… हे मांजराएवढे, काळेकुट्ट, एक तर शिवाप्पाच्या चपलेवरून गेला! शिवाप्पा पोत्यांच्या थप्पीवर! तोंडावरचा टॉवेल गळ्यात, आणि गंगव्वा पदर सोडून हसतेय, जिना हसतोय, गल्ली हसतेय. महांतेशनं तिथंच कागद लिहिला: सात दिवसांत बिळं बुजवा, माल उचलून साफ करा, नाहीतर गोदामाला कुलूप.

आणि त्या संध्याकाळी, तुम्हाला सांगतो, माडीच्या दारावर टकटक झाली. शिवाप्पा. एकटा. "राव… ते काच आणि सिमेंट… कसं घालायचं, स्वल्प, जरा दाखवता का?" दाजींनी मशीन थांबवलं. बावीस वर्षांचं सगळं बंद केलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. त्यांनी शिवाप्पाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जणू माप घेतायत, आणि शांतपणे म्हणाले, "दाखवतो. पण आधी हात धुऊन या. गोदामातून आलात, माझ्या पोरींना काही लागेल."

आणि तो गेला हो! हात धुऊन आला! साबण लावून!

सात दिवस दाजी पुढे आणि शिवाप्पा घमेलं घेऊन मागे. गोदाम झालं, मग गंगव्वाचं घर झालं, मग सगळी गल्ली दाजींना बोलवायला लागली. माडीवरचं पाणी पुन्हा कधी बंद झालं नाही. गंगव्वा रोज संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे पाठवते, आणि स्वतः शिवाप्पा आलेल्या पाहुण्यांना माडीवर घेऊन येतो, "या, आमच्या राव साहेबांच्या मुली बघा!" दाजींची चालच बदललीय. ताठ! गिऱ्हाईक ओरडलं तर म्हणतात, "पँट बरोबर आहे, तुम्ही कमी खा."

आता परवा रम्याचं लग्न ठरलं, मुलगा देवनहळ्ळीचा. अक्का आणि दाजी रम्याला घेऊन बोलणी करायला चार दिवस तिकडे गेलेत. गेले ते मला एक कागद देऊन गेलेत: सकाळी काकडी, दुपारी नाचणीची भाकरी चतकोर, रात्री झोपाळा हलवणे, आणि खाली मोठ्या अक्षरात, "बेळ्ळीला माणसाशिवाय ठेवू नये, ती घाबरते." मी म्हटलं, दाजी, शनिवारी माझा कार्यक्रम आहे, स्टेजवर उभं राहायचंय! तर म्हणाले, "मग काय झालं? घेऊन जा."

तेव्हा मंडळी, एक विनंती आहे. टाळ्या वाजवायच्या असतील तर जरा हळू वाजवा… खिशात आत्ताच डोळा लागलाय तिचा.