मुद्देमालाला हात लावायचा नाही

नाही, पण मला एक सांगा, टांग्याचा काय गुन्हा? माणूस दारू पितो, माणूस दारू नेतो, बरं, माणसाला धरा, आत घाला, आपलं काही म्हणणं नाही. मी मुश्ताक टांगेवाला, आयुष्यात सोड्याच्या वर काही प्यायलो नाही, अल्ला कसम! पण टांगा? टांगा प्यायला होता का? झालं काय, तुम्हाला सांगतो, दारूबंदी आली आणि तिच्या मागून आमच्या तालुक्याला खास हुकूम आला, की ज्या गाडीत बाटली सापडेल ती गाडी पोलिसांनी जागच्या जागी उचलायची आणि निकाल लागेपर्यंत चौकीच्या आवारात ठेवायची. आणि माझं नशीब बघा... पनवेल बंदरावर एक शेट चढला, टोपी काय, उपरणं काय, मला वाटलं लग्नाला चाललाय, आणि नाक्यावर पोलीस दिसल्याबरोबर त्या शेटानं जी उडी मारली, की उपरणं माझ्या हातात आणि बाटली सीटखाली! शेट पळाला. मला सोडलं. टांगा धरला!

हवालदार धर्मराज, माणूस वाईट नाही हो, पण बोलला की पंचनामा वाचल्यासारखा. "टांगा मुद्देमाल झाला. मुद्देमालाला हात लावायचा नाही." घोडीही नेली होती, पण तिनं त्याची टोपी चावली, तर दुसऱ्या दिवशी स्वतःच आणून दारात बांधली, "ही मुद्देमालात बसत नाही." म्हणजे घोडी दारात, टांगा चौकीत!

आता चौकीत टांग्याला शेजार कुणाचा, तर कोन गावच्या काशीरामच्या बैलगाडीचा. त्याची तर आणखीच तऱ्हा. उन्हाळ्यात कोनच्या तीन गाड्या पेंढा घेऊन रांगेनं येत होत्या, पहिल्या गाडीत दारूचा डबा सापडला, तर मागच्या दोन साथीदार! काशीराम हात जोडतोय, "सायब, माज्या गारीत पेंढ्याबिगर काय नाय," आणि धर्मराज म्हणतोय, "पण मागे मागे येत होतीस ना?" गाडीला विचारतोय हो, गाडीला! बैल सोडले, तिन्ही गाड्या ठेवल्या. गावात गाड्या तेवढ्याच. सांगा आता, गाडीचा काय गुन्हा?

हसताय... हसा. मीही हसायचो. आषाढापर्यंत.

आषाढात भर दुपारी काशीराम दारात. गुडघ्यापर्यंत चिखल, कोनपासून पळत आलेला. "मुश्ताकभाय, टांगा जोड. माजी बायको हौसा अडलीय. पोर आडवा हाय म्हनते सुईन." आणि मी, काय सांगू तुम्हाला, सवयीनं लगाम उचलला, घोडी सोडली, मागच्या अंगणात गेलो... आणि उभा राहिलो. रिकामी जागा. चाकांच्या दोन खुणा, त्यात पाणी साचलेलं. काशीराम माझ्या मागे.  

तसेच चौकीवर धावलो. म्हटलं, हवालदारसाहेब, तासाभरासाठी द्या, हवं तर टांग्याच्या जागी मला बांधा, पण बाई अडलीय! धर्मराजचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं तेच, "फौजदारसाहेब अलिबागला गेलेत. त्यांच्या सहीशिवाय मुद्देमालाला हात लावायचा नाही." समोर टांगा, समोर बैलगाडी, मध्ये एक दोरी बांधलेली. एवढीशी दोरी!

परत फिरलो. वाटेतच गावकरी भेटले. हौसाला घोंगडीच्या झोळीत घालून, बांबूवर, चिखल तुडवत आणत होते. घोंगडीतून एक हात बाहेर आला होता, हिरव्या बांगड्यांचा, प्रत्येक पावलाला बांगड्या वाजायच्या. मी बाजूनं चालत होतो. दवाखान्याच्या पायरीवर झोळी टेकली तेव्हाही वाजल्या. डॉक्टर बाहेर आले, नाडी धरली, आणि चष्मा काढून नुसते पुसत राहिले. दोघंही गेली हो... ती आणि तिच्या पोटातलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. बळीराम टांगेवाल्याला म्हटलं, सगळ्यांना सांग, गाड्या चौकीवर आणा आणि प्रत्येक गाडीत एक बाटली! अहो, काय तो दिवस! टांगे, बैलगाड्या, सायकली, हातगाड्या, पार रस्त्याच्या टोकापर्यंत रांग! माझी साबिरा सिरक्याची बाटली घेऊन, भामा कोळीण रॉकेलची, कुणाकडे माक्याचं तेल, कुणाकडे खोकल्याचं औषध... "साहेब, बाटली सापडली, जप्त करा!" फौजदार एकेक बाटली हुंगतोय, रॉकेलपाशी ठसका लागला, सिरक्यानं डोळ्यांत पाणी, मागे घोडे खिंकाळतायत, शेण पायरीपर्यंत! दुपारी मामलेदार आले, नाकाला रुमाल लावून. मी म्हटलं, साहेब, दारूला आमचा विरोध, पण या हुकमालाही विरोध. गाडी नेता तेव्हा गाडीत पुढं कोण बसणार होतं, ते विचारता का कधी?

मामलेदारांनी नाकावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, "यापुढं गाडी जामिनावर तिथंच सोडायची, आत ठेवल्यात त्याही सोडा. आणि आजारी माणूस असेल तर आधी गाडी, मग पंचनामा." लोकांनी टोप्या उडवल्या!

दोरी सोडली. ज्यानं त्यानं आपापली गाडी नेली. काशीराम तेवढा उभा. धर्मराजनंच गाडी पुसून ठेवली होती, जू हातात दिलं त्याच्या. काशीरामनं एकदा साटीच्या फळ्यांवरून हात फिरवला, म्हणाला, "आता हिच्यात कोनाला बसवू?" आणि चालत कोनला गेला. धर्मराज दोनदा त्याच्या घरी जाऊन पाया पडला, "ने बाबा तुझी गाडी, मला चौकीत बसवत नाही रे." नेत नाही. गाडी जप्त करायचा कायदा आहे, माणसाला ती न्यायला लावायचा कुठाय? राहिली तिथंच, रस्त्यालगत.

आणि आता माझी पंचाईत ऐका. रोज चौकीवरून टांगा जाऊ लागला की घोडी थांबते. त्या गाडीच्या अगदी शेजारी. चाबूक दाखवा, ओरडा, हलत नाही. जड अंगाची बाई चढून बसेल, एवढा वेळ थांबते... आणि मग आपली आपण निघते. पॅसेंजर खेकसतात, "काय रे, अजून कोण यायचंय?"

मी म्हणतो, "कुणी नाही साहेब... जरा सरकून बसा."