पत्र्यावरचा दात

आधी ती शिडी काढा. तोरण बांधायला आणली, तोरण बांधून झालं, तरी भिंतीला टेकवून उभीच हाय. आल्यापासून दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाय. ती आडवी पडल्याबिगर मी बोलणार नाय.

पडली? आता बोलते.

सभेचे अध्यक्ष आदरणीय साहेबराव गुरुजी, दातांचे डॉक्टर विश्वजीतसाहेब, पहिलीच्या आमच्या सायलीबाई, जमलेले आई-बाप, आन पुढं सतरंजीवर बसलेली सगळी बोळकी लेकरं, तुम्हाला मुक्ताबाईचा जयभीम.

ज्यांचे पहिले दात पडले त्यांचा आज सत्कार. फूल, ब्रश आन टाळ्या. आमचे दात पडले तवा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. पण लेकरं खूश हायेत, माझं काय जातं? बाई म्हणाल्या, आजी, पालकांच्या वतीनं दोन शब्द बोला. माझं दोन शब्दांत भागत नाय, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

माझी नात अपेक्षा. ती बघा, दुसऱ्या ओळीत, तोंडावर हात धरून बसलेली. बाकीची सगळी फटी दाखवून हसायलीत. हिचाच हात का खाली येत नाय? तेवढंच सांगायला उभी राहिले.

मागं डॉक्टरसाहेब शाळंत आले, लेकरांचे दात तपासले. लई चांगलं सांगितलं. रात्री झोपताना घासा, घासल्यावर काही खाऊ नका. चहात बिस्कीट बुडवून खायचं आन तसंच गोधडीत शिरायचं, ही घराघरातली रीत. ती मोडायलाच पाहिजे. आमच्याकडं मोडली. पण जाता जाता साहेब गमतीनं बोलून गेले, "किडका दात दिला तर उंदीरमामा नवा पण किडकाच देतो बरं!" सगळा वर्ग हसला. अपेक्षा हसली नाय. तिच्या हलत्या दातावर काळा डाग होता.

आपली चाल तर ठाऊकच हाय. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर टाकायचा, उंदराला सांगायचं, जुना घे, नवा दे. आमच्या घरावर स्लॅब. म्हणून तिचा दात पडला तवा तो शेजारच्या भागूबाईच्या पत्र्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. पाण्याच्या दिवसाची गडबड मुकुंदवाडीला काय सांगावी? अभय, म्हणजे तिचा बाप, मोटरीशी. सून ड्रमापाशी, मी घागरींपाशी. वरच्या टाकीसाठी शिडी लावलेली. लेकराकडं कोण बघतं? तेवढ्यात भागूबाई हळूच म्हणाली, "मुक्ताबाई, वर बघा. पण वरडू नका."

शिडीनं स्लॅबवर चढून अपेक्षा भागूबाईच्या पत्र्याच्या मधोमध बसलेली. पत्रा गंजका, उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले, डोक्याच्या हातभर वरून विजेची वायर. मांडीवर फोडलेला शेणाचा गोळा, हातात तिचा ब्रश. पडलेला दात घासत बसली होती.

अध्यक्षसाहेब, माझ्या जिभेला अख्खी गल्ली भिऊन असते. पण त्या वक्ताला वरडावं तर लेकरू दचकंल. गप बसावं तर उठून चालाय लागंल. मग खालनं सहजच विचारल्यासारखं विचारलं,

"काय गं, घासती का?"

"व्हय."

"मग बसून घास. उभं राहून घासलं तर डाग जात नाय."

"पुढनं घासलं, आजी."

"मागनं घास. बाजूनं घास. गोल गोल. घाई नाय करायची."

ती वर घासत होती, मी खालनं बोलत होते, आन अभय अनवाणी शिडी चढत होता. पत्रा करकरला.

"झालं. उठू?"

"उठती कशाला? हिरडीकडचं राहिलंय. दाखव बरं मला, कसं घासती."

तिनं दाखवायला हात वर केला, तोच अभयनं तिला फ्रॉकला धरून ओढलं. ती बसली होती तिथला दगड गडगडत खाली आला, माझ्या घागरीवर. घागर चेपली. अजून तशीच हाय.

खाली आल्यावर ती रडली नाय. मूठ उघडून म्हणाली, "डाग गेला नाय, आजी. आता काळाच येणार." मी म्हणाले, नाय येणार. आईनं सांगितलं, बापानं सांगितलं. ती म्हणते, "तुम्ही डॉक्टर हायेत का?" घ्या! मी तर दुसरीतनं शाळा सुटलेली बाई.

तवापासून तोंडावर हात. हिरडीतून नवा दात वर यायलाय, पण ती आरशात बघत नाय. आन काल मला विचारते, "आजी, पाणी कधी येणार?" साधा सवाल वाटतो ना? पाणी येणार म्हणजे शिडी लागणार, आन ही दात घेऊन परत वर जाणार.

अभयनं शिडीला साखळी घातली. पण गल्लीत शिडी काय एकच हाय? तिच्या डोक्यातल्या भ्यावाला कुठनं कुलूप लावू?

असो. लेकरांचं कौतुक केलं, मला बोलायला लावलं, शाळेचे आन बाईंचे लई उपकार. माझी भाषा ओबडधोबड, कुणाला लागली असंल तर पोटात घाला. डॉक्टरसाहेब, तुमच्यावर राग नाय. तुमचं बाकीचं सगळं खरं निघालं, म्हणून तिनं हे पण खरं धरलं.

आता टाळ्या वाजवू नका. गुरुजी, तुम्ही बोलायचं नाय. बाई, तुम्ही पण नाय. अभय, खाली बस. अपेक्षा, हात खाली घे आन आ कर. डॉक्टरसाहेब, खुर्ची सोडा, सतरंजीवर या, तिच्या तोंडात बघा आन येणारा दात कसा हाय ते तिला सांगा. उत्तर तुम्हीच द्यायचं.