शीराचा मलिदा

—मग असे उंबऱ्यात का उभे? या ना आत, डोक्यावर टोपी हाय ना, झालं तर! हासाजीकाका, आला बघा दहावा. मी म्हणत होते ना, ठाण्याहून कुणाला तरी धाडतील... काय? सिनेगॉगचे फोटो काढायला? म्हणजे तुम्ही आमच्यातले नाय? ज्यू नाय? मग टोपी? — उन्हासाठी. बरं बाबा, बरं. ऊन हायच पेणला.

बसा तरी. हळू बोला, आतल्यांना अजून वाटतंय दहावा आला. सकाळपासून नऊ जण बसलेत. दहावे रोह्याचे रूबेनमामा, त्यांना आजच सलाईन लागलं. आम्हा ज्यू लोकांत दहा पुरुष जमल्याशिवाय मलिदा होत नाय — ते काय ताटात, गोड पोहे, खोबरं, फळं. त्यावर प्रार्थना म्हणायची, एलियाहू नबीला सांगायचं, आमचं माणूस सुखरूप आण. मला धरून दहा होतात हो, पण बाईला मोजत नाय. बाई आभाळात चालते, दहात चालत नाय!

आभाळात म्हणजे — माझी शीरा. अमेरिकेत दातांची डॉक्टर हाय. आज वर जातेय, अंतराळयानातून. नाय नाय, सरकारी नाय, खाजगी कंपनीचं — एसटी नि ट्रॅव्हल्स असतात ना, त्यातली ट्रॅव्हल्स समजा. कंपनीने साध्या माणसांच्या नावांची सोडत काढली नि हिचंच नाव निघालं. जत्रेत आकाशपाळण्यात बसवलं तर रडायची ती! चहा उकळेपर्यंत वर जाऊन खाली येतात म्हणे. इथे खांब गावापर्यंतचा हायवे धड होत नाय नि ही निघाली आभाळात. मी म्हटलं, नको गो. हसली. म्हणाली, आई, तू मलिदा कर, झाला की मी निर्धास्त बसते. करते म्हटलं. दुसरं काय हाय माझ्या हातात?

आणि सांगायचं कुणाला, तर एलियाहूला! अहो, तो आमचा नबी जिवंतपणी रथातून वर गेला — अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर रथाची खूण दाखवतात — पण परत कुठे आला? त्याची खुर्ची मांडतो आम्ही अजून, रिकामीच. जो स्वतः खाली आला नाय त्याला सांगायचं, माझी पोर खाली आण. पण वरती ओळखीचं दुसरं कोण हाय?

तुम्ही एक करा... टोपी असू दे. आत नुसते बसा, विचारलं तर डॅनियल सांगा, ठाण्याचा. ते आमेन म्हणतील तिथे आमेन म्हणा. कोण बघतंय? — नाय. नाय हो. तो बघतोय ना. त्यालाच फसवून त्याच्याकडेच मागायचं? राहू दे, तोंडातून गेलं माझ्या. आणि मलिदा झाला नाय म्हणून तिला सांगितलं तर थांबेल? नाय थांबायची. जीव मुठीत धरून बसेल तिथे, एवढंच.

फोन. तीच हाय. बोलू नका तुम्ही.

हां, शीरा... व्हय गो. झाला. मगाशीच झाला. मोठ्याने म्हटलं सगळ्यांनी... व्हय, दहा. दहा होते गो. तू बस. पट्टा नीट बांध. बस तू.

ठेवला तिने.

आतले इकडेच बघतायत. ऐकलं वाटतं.

हे घ्या, वाटीभर. प्रार्थना झाली नाय, म्हणजे नुसते गोड पोहेच ते. खा. आणि निघा आता तुम्ही.