मी सानपाड्याला, तो पुन्याला

तुमी इचारलंत म्हनून सांगते ताई, नायतर मला कोन इचारतं कुठलं शहर बरं न कुठलं वाईट. मी काय शहर बघून जन्माला आली नाय. माझं माहेर घनसोली, तवा घनसोली म्हंजे शेत न खाडी न मधी मिठागर, बापाची भातशेती, आई खाडीत उतरून निवट्या पकडायची, आनि मी चौथी शिकून घरी बसली ती लगीन करून सानपाड्याला आली. सानपाड्याला म्हंजे गावात, तुमी ऱ्हाता त्या टावरच्या बाजूला नाय, तिथं तवा आमचं भात व्हतं. काय सांगू तुमाला, आमी कुठं गेलोच नाय, गावाचं शहर झालं तरी आमी त्याच घरात, फक्त पडवीतून आधी खाडी दिसायची न आता समोरच्यांची बाथरूमची खिडकी दिसते.

माझी सासू धवलारीन व्हती. तुमी साताऱ्याकडच्या, तुमच्यात नसंल हे. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी येतो तो मागाहून, आधी धवलारीन लागते. मांडव पडला, उंबराची फांदी आली, की तिनं पाटावर बसायचं न धवले गायचे, सगळ्या देवांना आवतन द्यायचं, गावदेवीला, खाडीला, वेशीवरच्याला, आनि मग त्या घरातली जी मानसं गेली त्यांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, की बाबांनो तुमच्या घरी कार्य हाय, या, पोराला हळद लागतेय, बघा. ते आले असं मानूनच पुढची हळद. सासूनं मला हे भात लावता लावता शिकवलं, ती पुढं गायची, मी मागं झेलायची, पाठीला कळ लागली तरी गानं थांबवायचं नाय, म्हनायची गळा वाकला की देव वाकडे येतात. फार कडक बाई. ती गेली तवापासून मी. घनसोली, जुईनगर, तुर्भे, वाशीगाव, कुठं कुठं गेली मी, रिक्शा पाठवून न्यायचे मला. घरात मला कोन इचारायचं नाय, पन मांडवात माझ्या आधी कोन उठायचं नाय.

म्हाताऱ्याचं सांगते, माझ्या नवऱ्याचं. आमचा म्हातारा पयला मिठागरात व्हता, मग एका रंगाच्या कंपनीत लागला. तिथं नाकाला फडकं बांधून काम, घरी आला की रुमाल निळा, थुंकी निळी, मी म्हनायची सोडा ती नोकरी, तो म्हनायचा सोडून काय करू, मासे पकडू, खाडीत मासे कुठं ऱ्हायले. रिटायर झाला न दमा घेऊन घरी आला. पावसाचे चार महिने तर बघवायचं नाय. गादीवर बसून ऱ्हायचा, पुढं उशी घ्यायचा, खांदे वर खाली, वर खाली. इथली हवा दमट, डॉक्टर म्हनले कोरड्या हवेत न्या.

आता आमचा मुलगा किरन, एकुलता एक, तो पुन्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. वाकडला त्याचा फ्लॅट हाय, लिफ्ट हाय, सगळं हाय. सून पुन्याचीच, प्राची, पोरगी गुनाची हाय, उगाच वाईट नाय बोलनार. किरन म्हनला आई, बाबा, दोघं या इकडं, कायमचे या, त्या गल्लीत काय ठेवलंय आता. तर गेलो आमी.

आनि खरं सांगते, पुन्यात म्हाताऱ्याला मानवलं. थंडीत तो बागेत चालायला लागला. सानपाड्याला मोरीपर्यंत जाऊन भिंत धरनारा मानूस, तो बागेत फेऱ्या मारतो, बाकड्यावर तीन चार म्हातारे जोडीदार केले, एक रिटायर मास्तर, एक बँकेतला, आनि हा आमचा मिठागरातला बसून त्यांना मीठ कसं पिकतं ते सांगतो. जेवन वाढलं. रात्रीची झोप आली. मला म्हनला अगं, मला वाटलं व्हतं मी आता संपलो, मला तर अजून बरंच जगायचंय. असा बोलला, लहान पोरासारखा. मी तोंड फिरवून रडली.

पन माझं काय. मी सकाळी उठून काय करायचं. सून डबा करून जाते, भांड्याला बाई, फरशीला बाई, मी दाराकडं बघत बसायची की कोन बेल वाजवतंय का. खाली गेली की बायका इचारायच्या कुठून आलात, मी म्हनायची सानपाडा, तर म्हनायच्या हां, मुंबई. मुंबई कुठली बाई, जाऊ दे. मासे तर इचारू नका, बर्फातले, डोळे आत गेलेले, ते बोंबील बघून मलाच त्यांची दया यायची. एकदा सोसायटीच्या गनपतीत प्राचीनं सांगितलं की आमच्या सासूबाई गातात, तर मला स्टेजवर बसवलं, हातात माईक दिला. मी डोळे मिटून आवतनाचा धवला धरला. संपला न सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनानं वाजवल्या हो त्यांनी. पन धवल्याला कोन टाळ्या वाजवतं, सांगा तुमी. देवाला बोलवलं न त्याच्या तोंडावर टाळ्या. मला तिथंच कळलं की हितं माझा गळा कुनाच्या कामाचा नाय.

मग तुर्भ्याला एक लगीन निघालं, त्यांनी मला बोलवलं, मी आली ती परत गेलीच नाय. म्हाताऱ्याला म्हनली हा सीझन होऊ दे, मग येते. तो म्हनला ये. दुसरा सीझन आला. तो तिकडं, मी इकडं. गावात बायका टोमने मारायच्या, या वयात सोडचिठ्ठी दिली का गो बाय. मी म्हनायची हो, दिली, तुला करायचाय का.

रोज संध्याकाळी त्याचा फोन. आनि आमचं भांडन काय, तर हेच तुमी इचारलंत ते, पुनं बरं का नवी मुंबई. तो म्हनायचा आज हितं असली थंडी पडलीय, छाती मोकळी. मी म्हनायची आज कोळीन जिताडा घेऊन आली व्हती, तुमाला कुठला मिळनार. तो म्हनायचा हितं मानसं एकमेकांना नमस्कार करतात. मी म्हनायची हितं मानसं एकमेकांच्या घरात येऊन जेवतात. तो म्हनायचा हितं पाऊस शान्यासारखा पडतो. मी म्हनायची जिथं पाऊस शाना तिथं मानसं वेडी. हसायचा खूप, हसून खोकायचा. आनि फोन ठेवताना रोज तेच, ये ना गो, एकटं जेवन गोड लागत नाय. रोज. मी म्हनायची येते, एवढं लगीन होऊ दे.

आता ऐका. मोठ्या दिरांच्या नातवाचं लगीन निघालं, म्हंजे आमच्याच घरचं. मोठे दीर कधीच वारले. म्हातारा पुन्याहून आला, किरन प्राची संगती, म्हातारा अंगानं भरलेला, नवीन शर्ट, सगळे म्हनायला लागले काका पुन्यानं तुमाला नवरदेव केलं. मला म्हनला आठ दिवस ऱ्हानार हाय, आनि जाताना तुला घेऊन जानार. मी म्हनली बघू. मनात म्हनली जाईन आता. खरंच ठरवलं व्हतं मी.

सकाळी मांडवात बसली. आपल्याच घरचं कार्य, गळा असा लागला की काय सांगू. देव झाले. गावदेवी झाली. मग घरातले गेलेले. आजे सासरे घेतले, सासरे घेतले, सासू घेतली. मग मोठ्या दिरांचं नाव, जोमा. आता ताई, आमच्या दिरांना न म्हाताऱ्याला गावात कोनी वेगळं बोलवलंच नाय कधी. मिठागरात दोघं जोडीनं कामाला, मुकादम हाक मारायचा जोमा-नामा, सासू जेवायला हाक मारायची जोमा-नामा, पोरंटोरं पन तसंच. पन्नास वर्सं माझ्या कानानं ते एकच नाव ऐकलंय. आनि मी बायको, मी आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाय, नाव घ्यायचा सराव असता तर जीभ अडखळली असती, सावध झाली असती. मी जोमा म्हनली न श्वास न तोडता पुढं नामा म्हनली. या म्हनली. तुमच्या घरी कार्य हाय, या.

बायकांनी मागं झेललं पन, सवयीनं. मग एकीचं तोंड बंद झालं, मग दुसरीचं. मी डोळे उघडले. म्हातारा समोर खुर्चीवर बसलेला.

 मग तोच हसला, म्हनला अगं हाय मी अजून, हितंच हाय. सगळे हसले. मी पन हसली, देवाची माफी मागितली, पुन्हा पयल्यापासून गायली, म्हाताऱ्याला सोडून. हळद लागली, डीजे लागला, पोरं नाचली. पन मी त्याच्याकडंच बघत व्हती. त्यानं ताटातलं मटन नुसतं चिवडलं. मटन सोडनारा मानूस नाय तो. आनि दुसऱ्या दिवशी लगीन लागलं न किरनला म्हनला चल, निघू, मला हितं कोंडल्यासारखं होतंय. आठ दिवस ऱ्हानार व्हता. मला घेऊन जानार व्हता. गाडीत बसला न काच वर केली, हवेनं त्रास होतो म्हनून केली असंल.

त्यानंतर मला बोलवनं बंद झालं. तोंडावर कोन बोललं नाय, आमची मानसं चांगली हायत. काकी तुमचं वय झालं, काकी आमी डीजेवालाच सांगितलाय, काकी मुलीकडचे धवलारीन आनतायत. पन मला काय कळत नाय का. जिवंत मानसाला गेलेल्यात बोलवनारी धवलारीन आपल्या मांडवात कोन बसवंल. मी पन नसती बसवली. ज्या कामासाठी मी या गावाला चिकटून ऱ्हायली तेच गेलं.

म्हनून मी ठरवलं, आता कशाला एकटं बसायचं. मीच फोन लावला पुन्याला. म्हनली किरनचे बाबा, मी येते, कायमची येते, भांडनात तुमी जिंकलात, पुनं चांगलं. मला वाटलं हसंल.  तर म्हनला घाई काय हाय, पाऊस होऊ दे. पाऊस झाला. म्हनला गनपती होऊ दे. गनपती झाले. म्हनला किरनचं ऑफिसचं टेन्शन चाललंय, दिवाळीनंतर बघू. हा तोच मानूस, रोज ये ना गो म्हननारा. आता ते म्हनतच नाय. जेवलीस का इचारतो न फोन ठेवतो.

मी प्राचीला इचारलं, पोरी खरं सांग.  ती रडायला लागली, म्हनली आई, तुमचं नाव फोनवर दिसलं की बाबा आधी दम्याचा पंप शोधतात, छातीत धाप लागते, मग उचलतात. रात्री दिवा चालू ठेवून झोपतात. मला म्हनाले आईला काय सांगू नकोस, तिचा काय दोष नाय, पन तिनं हाक मारलीय न मला, आता ती आली की न्यायलाच आली असं वाटतं.

मला राग नाय आला, ताई. तुमी म्हनाल असं कसं. पन त्याला जगायचंय हो. निळी थुंकी थुंकत आयुष्य गेलं त्याचं, आता कुठं चार श्वास सुखाचे मिळतायत, ते तो सांभाळतोय. मी गेली तर तो मला हाकलनार नाय, ये बस म्हनंल, आनि रोज भीत भीत मरंल. मग कशाला जायचं मी.

आता मी फोन करत नाय. आठवड्यातून एकदा प्राचीला करते, ती म्हनते बाबा जेवले, बाबा बागेत गेले, तेवढं ऐकते. गावदेवीच्या देवळात जाते, तिला सांगते, मी चुकून बोलवला तो, तू ऐकू नको.

तर तुमी इचारत व्हता, तुमच्या साहेबांची बदली पुन्याला झालीय, जायचं का हितंच फ्लॅट घेऊन तुमी पोरांना घेऊन ऱ्हायचं. मी काय सांगनार. हवा पुन्याची चांगली, मासे हितले चांगले. पन साहेब जातील तिथं जा. आज कंटाळा येईल, नंतर येते असं म्हनू नका, सीझन होऊ दे म्हनू नका. जा, दोघं एका घरात म्हातारे व्हा, एकमेकांच्या ताटात वाढा, देव तुमचं भलं करो. आनि वाकडच्या बाजूला गेलात, एखाद्या बागेत बाकड्यावर कोन म्हातारा मिठागराच्या गोष्टी सांगताना दिसला, तर बसा त्याच्याजवळ, ऐका. सानपाड्याहून आलोय एवढं मात्र त्याला सांगू नका.