चपला कुठल्या देवळात बदलल्या?

चपला गेल्यावर कुणी गप्प बसतंय का? मी बसलो की, राव! कारण त्या गेल्या मानसोपचाराच्या दवाखान्यात.

टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत न्हवता. शेवटी बायकोला न सांगता गेलो दवाखान्यात. दाराबाहेर चपलांचा हा ढीग! म्हटलं, आख्खं सोलापूर जागंच हाय की काय. निघताना कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला, पायाला लागल्या त्या चपला घातल्या आणि सुटलो. घरी येऊन बघतो तर दुसऱ्याच्याच! आता परत जाऊन कोण विचारणार?

रविवारी मंद्रूपहून सासरे जेवायला आले. सासूबाई गेल्यापासून ते तिकडं एकटेच असतात. बायकोनं दार उघडलं आणि त्यांच्या पायाकडं बघतच राहिली.

"बाबा, ह्यांच्या चपला तुमच्या पायात कशा? हा पट्ट्याचा लाल दोरा मीच चांभाराकडनं घालून आणलाय की."

सासरे म्हणाले, "देवळात बदलल्या गं."

मीबी लगेच म्हटलं, "व्हय व्हय, माझ्याबी देवळातच बदलल्या."

"कुठल्या देवळात?"

"मारुतीच्या," सासरे म्हणाले.

"देवीच्या," त्याच दमात मी म्हणालो.

बायकोनं कमरेवर हात ठेवून आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"उद्या त्या देवळात माझाबी नंबर लावा. तुमच्या दोघांच्या काळजीनं मलातरी कुटं झोप लागतीय? फक्त मी चपला पिशवीत घालून आत नेणार."