चौथा डिनर सेट

“मांग में सिंदूर नहीं है. पक्का भगाकर लाया है.”

दिल्लीत आल्या आल्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही माझ्याबद्दल. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरसमोर आमचं सामान टेम्पोतून उतरत होतं, नवरा हमालाबरोबर वर गेला होता, आणि तळमजल्यावरच्या आंटी मैत्रिणीसोबत उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. माझं मंगळसूत्र स्वेटरखाली. आपल्याकडे रोज सिंदूर कोण भरतं? पण हे त्यांना कसं माहीत असणार. मी गप्प उभी, म्हणजे मला हिंदी कळत नाही, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

“चूड़ा भी लाल नहीं, हरी चूड़ियाँ हैं,” मैत्रीण म्हणाली.

“बेचारी. माँ-बाप को पता भी है कि नहीं.”

ही बातमी संध्याकाळपर्यंत कॉलनीभर होणार, आणि मला तर यांच्याच डोक्यावर संसार करायचा होता. तेवढ्यात आंटींनी मूठभर मटार पुढे केले आणि हातानेच, खाणार का, असं विचारलं. मी घेतले. माझ्या पायाशी खोकी होती, आत्या, मावशी, काकू आणि मामी यांनी एकमेकींना न विचारता दिलेली.

मी म्हणाले, “मटर बहुत मीठे हैं, आंटी. और भागकर आती, तो साथ में चार-चार डिनर सेट थोड़े ही आते? एक आप रख लीजिए.”